रिकाम्या पोटाची वाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती आणि माझी आई समोरच्या उंच खुर्चीत बसून मेलेल्या माणसांना फोन लावत होती.

हे मी चेष्टेने सांगत नाही. समोर जे चाललं होतं त्याला दुसरं नाव नव्हतं. आईचे डोळे अर्धे मिटलेले होते, कपाळावर घाम डवरला होता. उजवा हात हवेतून काहीतरी उपसून भलतीकडेच खोचत होता आणि जड झालेल्या जिभेने ती अडखळत म्हणत होती, “बोला... कुठला नंबर?... थांबा, जोडून देते... लागतेय, लागतेय लाईन...”

“ऐकलंत?” बाबाजी माईकवर गरजले. “माता विचारतेय, कुठला नंबर! भक्तहो, तुमच्या मोबाईलला जिन्यात रेंज मिळत नाही. इथे थेट पलीकडची मिळते! आणि रिचार्ज काय? फक्त श्रद्धा! आहे कोणी, ज्याचं माणूस गेलंय आणि बोलायचं राहून गेलंय?”

असं कोण नसतं? निम्मं सभागृह मुसमुसायला लागलं. तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ काठीवर भार देत उठले. आईच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात.

“माझ्या बायकोला विचारा,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी तिला दवाखान्यात ठेवून घरी गेलो. जरा अंघोळ करून येतो म्हटलं. तेवढ्यात ती गेली. मी तिथे नव्हतो, ते तिला कळलं होतं का?”

आईने मान एका बाजूला टाकली. “उचललाय पलीकडून... बोला... बोला...”

“उचलला!” बाबाजी ओरडले. घड्याळकाका मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मग बाबाजींनी चांदीच्या वाटीतून आईला घोट घोट ‘अमृतजल’ पाजलं. थोड्या वेळाने तिचा चेहरा माणसात आला. घाम आटला, डोळे उघडले, आणि ती ओशाळून विचारायला लागली, “काय झालं? मी काही बोलले का?” टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. बायका धावल्या. कोणी तिचं कपाळ पुसलं, कोणी हात हातात घेतला, कोणी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. आई लाजत होती. एवढी खुश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

आता मी कोण, ते सांगते. मी दुकानांतले वजनकाटे तपासते. रोज सकाळी खरी वजनं घेऊन बाहेर पडायचं आणि दिवसभर लोकांच्या थापा ऐकायच्या, हा माझा धंदा. त्यामुळे माझा स्वभाव संशयी आहे असं सगळे म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. आईला त्या खुर्चीत ऐकल्याबरोबर मला कळलं होतं की ही वाणी देवाची नाही, टेलिफोन एक्स्चेंजची आहे. उभं आयुष्य तिने तिथे काढलं. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, एका भोकातली दोरी उपसायची आणि दुसऱ्यात खोचायची. तापात बरळायची तेव्हाही ती हेच बरळायची. मला कळत नव्हतं ते एवढंच, की हिला ताप नसताना हे होतंय कशाने?

सुरुवात झाली ती एका फोनने. शेजारीण आईला रविवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली होती. पहाटेपासून दुपारपर्यंत चालणारी सभा, आणि नियम एकच, येताना पोटात अन्नाचा कण नको. मधेच शेजारणीने मला फोन केला, “अगं, तुझी आई कोसळलीये, लवकर ये.” मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. रिक्षात बसून मी काय काय मनात आणलं ते मलाच माहीत. पोहोचले तर आई टेकून बसलेली, भोवती माणसांचा गराडा, आणि बाबाजी सांगत होते, “कोसळली नाही, उघडली! हिचं दार उघडलं!”

मी बाह्या सरसावूनच गेले होते. हा आता आईला औषधं फेकून दे म्हणणार, मग बघतेच याच्याकडे, असं मनाशी धरलं होतं. पण हे महाराज भलतेच निघाले.

“ताई, मातेला साखरेचा त्रास आहे ना?” ते मऊ आवाजात म्हणाले. “डॉक्टरांची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. पहाटे उठल्या उठल्या घ्यायची आणि मगच सभेला यायचं. देवाचं आणि डॉक्टरांचं आमच्याकडे भांडण नाही.”

माझी हवाच गेली. औषध घ्यायला सांगणाऱ्या बुवाशी भांडायचं तरी कशावरून? ऑफिसातही मी सांगितलं, बाबा आहे, पण डोकं ठिकाणावर असलेला आहे. त्यानंतर आई दर रविवारी जायला लागली आणि बहुतेक रविवारी तिला ‘लाईन लागायला’ लागली. गर्दी वाढली. छोटा हॉल जाऊन मोठं सभागृह आलं, आणि आईला पाठ उंच असलेली खुर्ची मिळाली.

मी तिला अडवलं नाही, त्याला आणखी एक कारण होतं. वडील गेल्यापासून आई दोन खोल्यांत एकटी राहते. मी माझ्या दोन खोल्यांत एकटी राहते. संध्याकाळी मी फोन करायची. “जेवलीस का?” “जेवले.” “गोळ्या?” “घेतल्या.” “बरं, ठेवते.” तिच्याकडे दिवसभरात वाजणारा तेवढा एकच फोन. जिच्या हातून अख्ख्या गावाचं बोलणं इकडून तिकडे जायचं, तिला आता बोलायला माणूस नव्हतं. आणि रविवारी सभेतून आली की ती माझ्याशी भरभरून बोलायची. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा मुलगा रुसून गेलाय. ऐकताना मलाही माझं घर जरा भरल्यासारखं वाटायचं. हे खरं आहे, म्हणून सांगते.

मग एका रविवारी लाईन लागलीच नाही. मी त्या दिवशी पुढच्याच रांगेत होते. आई खुर्चीत बसली होती, चांगली टवटवीत, टकमक लोकांकडे बघत. बाबाजींनी डोक्यावर हात ठेवला, मंत्र म्हटले, घंटा वाजवली. काही नाही. आई मला बघून हसली आणि हात हलवला. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. तेव्हा बाबाजी खाली वाकले, माईकवर तळहात दाबला आणि आईच्या कानाशी म्हणाले, “गोळी घेतली होती ना?”

“नाही हो,” आई म्हणाली. “काल संपल्या. औषधाचं दुकान बंद होतं.”

बाबाजींच्या कपाळावर आठी पडली. लगेच ती पुसून ते माईकवर म्हणाले, “भक्तहो, आज पलीकडे सुट्टी आहे!” लोक हसले. मी हसले नाही.

माझ्या धंद्यात एक सवय लागते. काटा तपासताना दुकानदाराची नजर जिथे चुकून वळते, तिथे मी आधी हात घालते. लोहचुंबक तिथेच चिकटवलेलं असतं. आणि याची नजर वळली होती गोळीवर. देवाची वाणी आली नाही तर बुवाने विचारावं, पाप घडलं का, श्रद्धा डळमळली का. गोळी घेतली का, हे कशाला?

सोमवारी मी आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टर वयस्कर आहेत, तोंडाने फटकळ. सगळं ऐकून त्यांनी टेबलावर हात आपटला.

“अगं, तुझी आई बोलत नाहीये, तिची साखर बोलतेय! मी दिलेली गोळी रक्तातली साखर खाली ओढते. पोटात खाणं असेल तर ती हवी तेवढीच खाली येते. गोळी घेतली आणि दुपारपर्यंत पोटात काहीच नाही, तर ती नको तितकी खाली जाते. मेंदूला साखर पुरत नाही. मग घाम सुटतो, हात थरथरतो, जीभ जड होते, माणूस बरळतो. जे आयुष्यभर तोंडात बसलंय तेच बरळतो.”

“आणि ते अमृतजल?”

“साखरेचं पाणी, दुसरं काय! पोटात गेलं की माणूस शुद्धीवर येणारच. आजारही हाच देतो आणि उतारही हाच देतो. पण त्याला गोळीचं हे गणित कळलं कसं?”

मी फोनवर बाबाजींचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि एकदम खुर्चीतून उठलेच.

“हा? अगं, हा औषध कंपनीचा माणूस होता! याच गोळीचे नमुने घेऊन यायचा माझ्याकडे. बॅग, टाय, घोटीव बोलणं. एका दमात सगळं पाठ म्हणायचा आणि शेवटी सांगायचा, ‘डॉक्टरसाहेब, फक्त एक काळजी, उपाशीपोटी नको.’”

मी तिथून थेट आईकडे गेले. ती भाजी निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती निवडायची थांबली नाही.

“झालं सांगून?” ती म्हणाली.

“आई, तुला कळतंय का? ती एक्स्चेंजमधली वाक्यं आहेत. तू बरळतेस.”

“मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“घड्याळकाकांनी सांगितलं ना मला, मी काय बोलते ते. माझी वाक्यं मला ओळखू येणार नाहीत होय? मी काही खुळी नाहीये.”

मी पलंगावर बसले. “मग तरी जातेस?”

“मग काय करू? त्यांना बरं वाटतं, मलाही बरं वाटतं. तुझं काय बिघडतं त्यात?”

“अगं, एखाद्या दिवशी तू उठणार नाहीस! जीव जाईल तुझा!”

“जाऊ दे,” आई म्हणाली. “चार माणसांत जाईल. इथे गेला तर तुला संध्याकाळच्या फोनवर कळणार.”

तिने निवडलेली भाजी धुवायला घेतली. मी रागाने बाहेर पडले आणि जिन्यात बसून रडले. तिला मरणाची भीती घालून उपयोग नव्हता, तिला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती.

रविवारी पहाटे मी तिच्या दाराशी डबा घेऊन उभी राहिले. शेजारीण म्हणाली, आज नेहमीपेक्षा लवकर गाडी पाठवली होती बाबाजींनी, ती कधीच गेली. गोळ्या मात्र आठवणीने पाठवल्या होत्या, हेही तिनेच कौतुकाने सांगितलं. मी डॉक्टरांना फोन केला. “येतो,” ते म्हणाले. “माझी बॅगही येतेय.”

सभागृहाचे दरवाजे गर्दीने अडले होते. ढकलत, शिव्या खात आम्ही आत पोहोचेपर्यंत सूर्य चांगला वर आला होता. आई खुर्चीत होती, पण आज ती काहीच बोलत नव्हती. हातही हलत नव्हता. हनुवटी छातीवर, साडी घामाने चिंब.

“घाबरू नका!” बाबाजी म्हणत होते. “आज ट्रंक कॉल आहे, भक्तहो! लांबची लाईन आहे, वेळ लागणारच!”

आई खुर्चीतून एका बाजूला घसरली. बाबाजींनी वाटी तिच्या ओठांना लावली. पाणी आत गेलं नाही, गालावरून मानेवर ओघळलं. त्यांनी पुन्हा ओतलं तशी तिला ठसका लागला आणि घशातून घरघर आली. तेव्हा मी बाबाजींचा चेहरा पाहिला. तो माणूस घाबरला होता. एवढ्या मोठ्या सभागृहात समोर काय घडतंय ते आम्हा तिघांनाच कळत होतं, डॉक्टरांना, मला आणि त्याला.

“पाणी बंद करा!” डॉक्टर ओरडले. “शुद्ध नाही तिला, छातीत जाईल!” त्यांनी आईला कुशीवर वळवलं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला आणि आकडा बघून नुसतं “अरे देवा” म्हणाले. मग तिच्या दंडाला पट्टा आवळून शीर शोधायला लागले. मी आईचा तळवा चोळत होते. तो गार आणि ओला होता. पहिल्या वेळी शीर सापडली नाही. आई, मी सारखी म्हणत होते, आई, मी आलेय, ऐकू येतंय का. शेवटी शीर सापडली. डॉक्टरांनी मोठ्या सिरिंजमधलं औषध हळूहळू आत सोडलं, आणि थोड्याच वेळात आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“तू कशी काय इथे?” ती म्हणाली. “आज रविवार ना?”

मी तिला घट्ट धरलं. आणि मागे काय झालं असेल? सगळी गर्दी डॉक्टरांच्या पायाशी! “चमत्कार! डॉक्टरबाबा!” एका काकूंनी तर त्यांचे बूटच धरले.

“सोडा! सोडा माझे पाय!” डॉक्टर खेकसले. “सुईत साखर होती, साखर! जी तुमच्या घरच्या डब्यात आहे ना, तीच धुऊन-पुसून शिरेतून दिली. यांच्या वाटीतही तीच आहे. चाखा!”

काकूंनी वाटीत बोट बुडवून चाखलं. “गोड आहे,” त्या म्हणाल्या. “पण अमृत गोडच असणार ना?”

मला हसू आलं आणि रडूही. खाली पडलेला माईक मी उचलला. “बाबाजी, एकच विचारते. पाणी तुमचं, मंत्र तुमचा, देव तुमचा. मग वाणी यायला आईची गोळी कशाला लागते? गेल्या रविवारी गोळी नव्हती तर देव आला नाही. आज तुम्ही स्वतः गोळ्या धाडल्यात. बोला ना.”

“ताई, विज्ञान आणि अध्यात्म ही एकाच रथाची...” बाबाजींनी सुरू केलं.

“ए, रथ राहू दे,” डॉक्टर म्हणाले. “मला ओळखलंस ना? टाय कुठे गेला तुझा? ही गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, हे मला सांगणारा तूच होतास. मी विसरलो नाही. तूही विसरला नव्हतास, म्हणून तर सगळ्यांना उपाशी बोलावलंस!”

बाबाजी दोन पावलं मागे सरले. पहिल्यांदाच माईक नसताना त्यांना पाहत होतो आम्ही. सामान्य उंचीचा, घामाघूम झालेला माणूस. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “माझ्या सासूबाईंनाही गेल्या महिन्यात अशीच चक्कर आली होती, त्याही गोळ्या घेतात.” मग दुसरं कोणी बोललं, मग तिसरं. आवाज चढत गेले. त्या गडबडीत बाबाजी मागच्या दाराने निघून गेले. पुढे पोलिसांत तक्रार झाली, ती मीच केली.

त्या गोळीचा परिणाम रक्तात बराच वेळ टिकतो, म्हणून आईला दवाखान्यात ठेवून घेतलं. ती माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी घड्याळकाका काठी टेकत आले. मला वाटलं, माझ्यावर चिडले असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पलंगाजवळ बसून त्यांनी आईला विचारलं, “म्हणजे तिला लाईन लागलीच नव्हती?”

“नाही हो, काका,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “कधीच लागली नव्हती. मला माफ करा. मला माहीत होतं, तरी मी बसले त्या खुर्चीत.”

काकांनी काठीची मूठ तळहाताने पुसली. मग म्हणाले, “मलाही थोडं थोडं माहीत होतं.” ते उठून गेले. मला वाटलं होतं आता दोघं बोलतील, एकमेकांना सोबत होतील. तसं काही झालं नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आता आई घरी आहे. गोळी बदलली आहे, नाश्ता झाल्याशिवाय ती घेत नाही, उशाशी साखरेची पुडी असते. तब्येत उत्तम आहे. रविवारी सकाळी मी तिच्याकडे जाते. पहिल्या रविवारी आम्ही समोरासमोर बसून खाल्लं आणि आमच्याकडे बोलायला काहीच नव्हतं. ती सभेतल्या ज्या बायकांबद्दल भरभरून सांगायची, त्यातली एकही तिला भेटायला आलेली नाही. त्या बायका ‘माते’ला भेटायच्या. माझ्या आईशी त्यांची ओळखच नव्हती.

लोक मला म्हणतात, कशाला उघड केलंस, म्हातारीला विरंगुळा होता. मी त्यांना सांगते, तो विरंगुळा तिचा जीव घेत होता, आणि तिचा जीव गेल्यावर बाबाजींनी ती खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दिली असती. खोट्याने एकटेपणा जात नाही, फक्त त्याच्याभोवती गर्दी जमते. म्हणून हात जोडून सांगते, विचार करा. कोणी म्हातारं माणूस भर सभेत घामाने भिजलं, बरळायला लागलं, कोसळलं, तर त्याच्या पाया पडू नका. शुद्धीत असेल तर आधी तोंडात साखर घाला, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवा आणि डॉक्टरला बोलवा. मग घरच्यांना विचारा, आज सकाळपासून यांनी काय खाल्लंय, आणि कोणाबरोबर खाल्लंय. पहिल्याचं उत्तर डॉक्टरांच्या कामाचं आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘कोणाबरोबरच नाही’ असेल, तर पुढचा बाबा तुमच्या घराचा पत्ता विचारत निघालेला असेल. त्याच्या आधी तुम्ही पोहोचा.